काळ्या टोपीवाल्यांची पंगत

बेळगावात राहून मी समुद्रपक्ष्यांवर संशोधन करतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघतो आणि मग शेजारी बसलेल्या माझ्या बायकोकडं. तिच्या चेहऱ्यावरून त्याला माझ्या प्रकृतीचा अंदाज घ्यायचा असतो. ती पानाला चुना लावत शांतपणे म्हणते, "खरं आहे ते. समुद्र घाटाखाली आहे म्हणून तरी हे जेवायला घरी येतात."

मी मूळचा निपाणीचा. निपाणीत जन्मलेल्या माणसाला दोन गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत: तंबाखूची पारख आणि शिंक. वडिलांची तंबाखूची वखार होती आणि मी मुंबईला जाऊन जीवशास्त्र शिकून आलो होतो, त्यामुळं वखारीच्या दृष्टीनं मी वाया गेलेला माल होतो. त्याच सुमारास एका वादळी सकाळी वखारीच्या अंगणात एक पक्षी येऊन पडला. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी, डोळ्यांत भयंकर राग. हमालांची पंचायत बसली. एक म्हणाला, "पारवा हाय." दुसरा म्हणाला, "पारव्याचं त्वांड असलं असतंय व्हय? पानकोंबडी हाय ही." वडील गादीवरून न उठता म्हणाले, "गिऱ्हाईक न्हाय न्हवं? मग भाईर काढा."

मी मात्र ओळखलं. तो सुरय होता. आयुष्य समुद्रावर काढणारा, वाऱ्यानं घाट चढवून आमच्या दारात आणून टाकलेला. मी त्याला पोत्याच्या आडोशाला ठेवलं. तिथं तो शिंकला. पक्ष्यांना शिंक येते का, यावर शास्त्रात मतभेद असतील, निपाणीत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो उडाला आणि सरळ पश्चिमेकडं गेला. मी समुद्राकडं गेलो नाही, समुद्रच मला न्यायला निपाणीला आला, असं मी गेली पंचवीस वर्षं सांगत आलो आहे. दर वेळी ते वादळ थोडं मोठं होतं, पण पक्षी तोच असतो.

पुढं बेळगावच्या कॉलेजात शिकवायला लागलो आणि दर उन्हाळ्याच्या सुटीत वेंगुर्ल्याच्या रस्त्यानं खाली उतरायला लागलो. किनाऱ्यापासून बऱ्याच आत समुद्रात एक उघडा खडक आहे. झाड नाही, पाणी नाही, सावली नाही. माणसाला तिथं घटकाभर बसवणार नाही, पण तुरेवाल्या सुरयांना ती जागा पसंत होती. उन्हाळ्याच्या शेवटी ते शेकड्यांनी तिथं येऊन उघड्या दगडावर एकेक अंडं घालत. पक्षी मोठा रुबाबदार. अंगावर पांढरास्वच्छ कोट, पिवळी चोच आणि डोक्यावर काळी टोपी, मागच्या बाजूला जराशी विस्कटलेली. एकमेकांपासून चोचीच्या अंतरावर बसायचे आणि दिवसभर शेजाऱ्याशी हद्दीवरून भांडायचे. बेळगावच्या कोर्टात जाऊन आलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. मी त्यांना टोपीवाले म्हणत असे. घरीही तेच नाव रूढ झालं होतं.

महायुद्धाच्या सुरुवातीला त्या खडकावर टेहळणीसाठी माणसं राहिली. त्यांचा चौकीपुरता संबंध होता, पक्ष्यांशी वैर नव्हतं. पण चूल पेटली, कुत्रं आलं, अंडी पायाखाली गेली. टोपीवाले उठले. पुढं चौकी उठवली गेली, माणसं परतली, खडक पहिल्यासारखा रिकामा झाला. पक्षी काही आले नाहीत. एक मोसम गेला, दुसरा गेला. मी होडीत बसून रिकाम्या दगडाचा अभ्यास करत होतो.

त्यातच एकानं खडकावरचं साठलेलं खत खणून न्यायची परवानगी मागितली. पक्ष्यांच्या पिढ्यांनी टाकलेलं ते खत नारळीला फार चांगलं. हे कळताच मी दिवाळीच्या सुटीत तिथल्या प्रांतसाहेबांना जाऊन भेटलो. प्रांतसाहेब धारवाडकडचे, कानडी, वयानं माझ्याच बरोबरीचे, माणूस सज्जन. मराठी बोलायची त्यांना हौस होती, आणि त्यांच्या मराठीत लिंगांची अदलाबदल मुक्तपणे चाले. मी हसत नसे, कारण माझं कानडी ऐकून ते जे हसत त्यापुढं हे काहीच नव्हतं.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "पक्षी असली तर खडक पक्ष्यांची. पक्षी नसली तर खडक खताची. मी काय चूक बोलली?"

"साहेब, ते परत येतील."

"कधी?"

"येत्या उन्हाळ्यात."

हे मी इतक्या खात्रीनं बोललो की मलाच बरं वाटलं.

"ठीक," ते म्हणाले. "येत्या उन्हाळ्यात अंडी घातली तर मी माणसाला तिकडं पाय ठेवू देणार नाही. नाही घातली तर पावसानंतर खोदकाम चालू. मग पुन्हा माझ्याकडं यायचं नाही."

एक उन्हाळा माझ्या हातात होता. खणायला माणसं, टिकाव आणि होड्या एकदा लागल्या की त्या खडकावर पुन्हा कधी पक्षी बसणार नाही, हे मला ठाऊक होतं. जुने पक्षी अजून त्या वाटेनं उडत होते, मी त्यांना वरून जाताना पाहिलं होतं. ते खडकावरून घिरटी घालत, खाली बघत आणि पुढं जात. जागा आठवत होती, पण उतरत नव्हते.

बेळगावला परतल्यावर बायकोला हे सांगत होतो. ती म्हणाली, "यात न कळण्यासारखं काय आहे? लग्नात पंगत मांडलेली असते, पानं वाढलेली असतात, आणि सगळे वऱ्हाडी भिंतीला टेकून उभे. पहिलं कुणी बसत नाही. मग यजमानानं एखाद्याला हाताला धरून बसवायचं. एक बसला की जागा पुरत नाही."

मी ताटावरून उठलोच. हात खरकटा, आणि मी अंगणात येरझाऱ्या घालतोय! कॅम्पातले गोरे साहेब तळ्यात लाकडी बदकं सोडून खरी बदकं खाली उतरवतात आणि गोळ्या घालतात, हे मी अनेकदा पाहिलं होतं. मारायला बोलावता येतं, तर नांदायला का बोलावता येऊ नये? मी खडकावर आधीच बसलेले टोपीवाले मांडणार होतो. पहिल्या पंगतीचे पाहुणे मी घरून नेणार होतो.

लाकडाचे केले असते तर वाऱ्यानं उडाले असते, आणि लढाईत लाकडाचा भाव विचारायची सोय नव्हती. म्हणून मी कुंभार गल्ली गाठली. तिथले एक आप्पा बेंदराचे, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याचे, मातीचे बैल करण्यात नावाजलेले होते. त्यांच्या बैलाला शिंगं लावायच्या आधीच तो मारका वाटायचा.

"आप्पा, पक्षी करायचेत."

"कंचं? मोर? राघू?"

"सुरय."

"त्यो आनि कोन?"

मी कॉलेजातला पेंढा भरलेला नमुना पिशवीतून काढून त्यांच्यापुढं ठेवला. आप्पांनी तो खाली-वर करून पाहिला. "मास्तर, ह्यो तर कोर्टातला वकील दिसतोय. काळी टोपी, पांढरा कोट. ह्येला काय बगल खाजवताना दावू का कागद वाचताना?"

"नुसता उभा दाखवा. पण हुबेहूब हवा. खऱ्या पक्ष्याला पटला पाहिजे."

"माझा बैल बघून खरी गाय वळून बघती," आप्पा म्हणाले. "तुमच्या पाखराचं काय घिऊन बसलाय."

तीन आठवड्यांनी गेलो, तर भट्टीतून निघालेले पक्षी ओळीनं मांडलेले. मान, चोच, तुरा, सगळं फक्कड. फक्त प्रत्येकाच्या पाठीवर एक छोटा उंचवटा होता.

"आप्पा, हे काय?"

"वशिंड."

"पक्ष्याला वशिंड?"

"हात गेला तिकडं," आप्पा निर्विकारपणे म्हणाले. "घासून काडू."

त्याहून मोठी गंमत पुढं होती. मी एकेकटे पक्षी सांगितले होते. आप्पांनी ते सगळे जोडीनं केले होते. एका पाटावर दोन, खांद्याला खांदा, तोंडं एकाच दिशेला. नांगराला जुंपायचे बाकी होते.

"अहो, मी पक्षी सांगितले होते, बैल नव्हेत!"

"व्हय की. पर एकलं जनावर म्या करत न्हाय." आप्पांचा आवाज एकदम खाली आला. "बेंदराला कुनी एकला बैल पुजतंय व्हय? एकला बैल म्हंजे दुसरा मेल्याला. असलं अशुभ माझ्या हातनं न्हाई व्हनार. तुमी पायजे तर दुसरा कुंभार बघा."

दुसरा कुंभार बघायला वेळ नव्हता आणि असता तरी त्यानंही जोडीच केली असती. मी विचार केला, जोडी तर जोडी. पंगतीला नवरा-बायको शेजारी बसली म्हणून कुणी जेवायचं थांबत नाही. वशिंडं मात्र आम्ही दोघांनी बसून कानशीनं घासली.

रंगकाम आमच्या पडवीत झालं. पांढऱ्याला चुना, चोचीला पिवडी, टोप्यांना जवसाच्या तेलात खललेली काजळी. मी रंगवत होतो आणि पात्रांना भूमिका समजावून सांगत होतो, कारण तरुणपणी मी हौशी नाटकांत स्त्रीपार्ट केलेले आहेत आणि तालमीशिवाय कुणाला रंगमंचावर सोडणं मला जमत नाही. "मान ताठ! वाऱ्याकडं तोंड! प्रेक्षक वरून येणार आहेत, खाली बघू नका!" शेजारच्या काकू कुंपणावरून वाकून बघत होत्या. त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "रुखवत का हो कुणाचं?"

"हो," बायको म्हणाली. "ह्यांच्या दुसऱ्या लग्नाचं."

निघायच्या दिवशी आप्पा गाठोडं घेऊन मोटार अड्ड्यावर हजर. मी बोलावलं नव्हतं. "माझी जनावरं परमुलखात एकली धाडू व्हय?" म्हणाले. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, हे खरं कारण मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं.

पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारी कोळशावर चालत. गाडीच्या पाठीमागं एक भट्टी, तिच्यात क्लीनर कोळसा ढोसतोय आणि आप्पा तिच्याकडं आपुलकीनं बघताहेत. टपावर आमच्या पेंढा भरलेल्या पेट्या. हिंडलग्याशी गाडी थांबवली. ते 'चले जाव' चळवळीचे दिवस होते, तिथला तुरुंग राजबंद्यांनी भरलेला होता, आणि त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पेटीकडं पोलीस संशयानं बघत.

हवालदारानं काठीनं पेटी ठोकली. "काय हाय रं ह्यात?"

मी आपला घरच्या सवयीनं बोलून गेलो, "टोपीवाले आहेत."

शेजारचा माणूस माझ्यापासून हळूच सरकला.

"किती?"

"चाळीस जोड्या."

"कुठं चाललेत?"

"समुद्रातल्या खडकावर. बसवायला."

"बसवायला?" हवालदाराचा आवाज चढला. "सत्याग्रहाला बसवायला?"

आता चूक माझ्या लक्षात आली, पण नटाला समोर भरलेलं नाट्यगृह दिसलं की त्याच्यानं राहवत नाही. मी गंभीरपणे म्हणालो, "एकदा बसले की उठणार नाहीत, हीच तर आमची इच्छा आहे."

"मास्तर," आप्पा माझी बाही ओढत म्हणाले, "मला तुरुंगात जायाचं न्हाय. माझी भट्टी लावायची हाय."

हवालदारानं दोन शिपाई टपावर चढवले. पेटी खाली आली. झाकण उघडायच्या आधी त्यानं माझ्यावर नजर रोखून विचारलं, "कंच्या टोपीचं हायत? पांढऱ्या का काळ्या?"

"काळ्या."

"काळ्या?" त्याचे खांदे सैल पडले. "मग आदी सांगायचं न्हाय व्हय! मला वाटलं पांढऱ्या." झाकण उघडलं. पेंढ्यातून दोन काळ्या टोप्या आणि दोन पिवळ्या चोची वर आल्या आणि हवालदाराकडं ताठ मानेनं बघू लागल्या. तो खाली वाकून बराच वेळ बघत राहिला. मग शिपायाला म्हणाला, "हे बघ रं. आपलं हेडक्लार्क." दोघं इतके हसले की आमची पेटी त्यांनीच पुन्हा टपावर चढवून दिली.

आंबोलीचा घाट उतरून आम्ही किनाऱ्यावर पोचलो. आप्पांनी समुद्र पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, "येवढं पानी, आनि माती मळायला उपेग न्हाय." त्यापुढं त्यांनी समुद्राचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी भरती बघून आम्ही खडकावर गेलो. तांडेल म्हणजे होडीचा नाखवा, त्यानं पेट्या उतरवल्या आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "मास्तरांनू, मातयेची पाखरां बगून खरी येतली?"

"येतली," मी म्हणालो. मी मनात जरासुद्धा 'जर' ठेवला नव्हता. जुन्या वस्तीच्या जागी, दगडाच्या सपाट पाठीवर, आम्ही जोड्या मांडल्या. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. लांबून पाहिलं, तर माझ्या खडकावर पुन्हा पंगत बसली होती.

त्यानंतर आम्ही खडकावर पाऊल टाकलं नाही. रोज होडीतून लांबून बघायचं. टोपीवाले वरून जात. पहिल्या दिवशी दोन जण खाली आले, आमच्या मंडळींवरून ओरडत फिरले, उत्तर मिळालं नाही म्हणून निघून गेले. पुढच्या दिवशी आणखी आले. एक नर चोचीत चकाकता मासा घेऊन उतरला आणि त्यानं तो मोठ्या अदबीनं मातीच्या मादीपुढं धरला. मी आयुष्यात इतक्या जणांकडून नकार ऐकले आहेत, पण इतका थंड नकार पाहिला नव्हता. तो तिच्याभोवती फिरला, मान वर केली, पंख खाली सोडले, पुन्हा मासा पुढं केला.

"घे की गं बाई," होडीत आप्पा तळमळून म्हणाले. "माझी लेक असून असलं वागू नगंस!"

शेवटी त्यानं मासा स्वतःच गिळला आणि उडाला. मला हसू आलं आणि काळजीही वाटली. उतरत होते, पण राहत नव्हते. मग समुद्र खवळला. चार-पाच दिवस तांडेलानं होडी बाहेर काढायला साफ नकार दिला. मी वाळूत उभा राहून क्षितिजाकडं बघायचो, तिथून खडक म्हणजे एक काळा ठिपका. आणि समुद्र शांत झाला त्याच सकाळी प्रांतसाहेब हजर झाले.

"प्रोफेसर, चला. आज फैसला करू."

माझी आधी एकदा पाहून यायची इच्छा होती, पण साहेब होडीत जाऊन बसलेसुद्धा होते. डोक्यावर सोला हॅट, गळ्यात दुर्बीण. होडी हलायला लागल्यावर त्यांचा चेहरा कच्च्या कैरीच्या रंगाचा झाला. ते एका हातानं हॅट आणि एका हातानं आप्पांचा खांदा धरून बसले. खडक जवळ आला तशी त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

"अय्यय्यो!" ते ओरडले. "केवढी बसली आहेत! शाब्बास, प्रोफेसर! एकदम लायनीत! चला, परत फिरा, मी ऑर्डर करतो."

तांडेलानं माझ्याकडं पाहिलं. आप्पांनी माझ्या बरगडीत कोपर खुपसलं आणि पुटपुटले, "गप ऱ्हावा मास्तर. माझी जनावरं सायबांनी पास केली."

काय सांगू, तो क्षण मोठा मोहाचा होता. कागदी महालाला टाळी पडली की नट पुढं येऊन 'महाल कागदी आहे' असं सांगत नाही. मी दोन वर्षं रिकाम्या दगडाकडं बघत होतो, आणि आता तोंड बंद ठेवलं की खडक वाचत होता. पण मी नट हौशी आहे; शास्त्रज्ञ पोटापाण्याचा आहे. पक्ष्यांना दिलेलं आमंत्रण साहेबांच्या माथी मारायचं मला जमेना. आणि खरं सांगायचं तर मला माझी पैज खोट्या पाहुण्यांवर जिंकायची नव्हती. खरे येणार याची मला खात्री होती.

"साहेब," मी म्हणालो, "ते मातीचे आहेत."

"कोण?"

"सगळे. ह्या आप्पांनी केलेत."

आप्पांनी तोंड समुद्राकडं फिरवलं. साहेबांनी दुर्बीण खाली केली. त्यांचा चेहरा कैरीवरून वांग्यावर गेला. "म्हणजे पक्षी नाही."

"अजून नाहीत."

"'अजून' ऑर्डरमध्ये लिहिता येत नाही, प्रोफेसर."

"मला कल्पना आहे."

साहेबांनी रागानं पुन्हा दुर्बीण लावली. जिनं आपल्याला फसवलं त्या मातीला निरखून बघावं, असा त्यांचा आवेश होता. "कलाकार मात्र चांगली आहे," ते कडवटपणे म्हणाले. "जोडी जोडीनं बसवली. पण तिकडं कडेला तीन का केली?"

"तीन?" मी विचारलं.

"तीन!" आप्पा ताडकन वळले. साहेबांचं साहेबपण ते साफ विसरले. "म्या तीन केलंच न्हाईत! तीन बैलांचं औत बघितलंय का कुनी? तुमी मोजताना चुकलाय!"

"मी मोजताना चुकत नाही. एक, दोन, तीन."

मी साहेबांच्या गळ्यातली दुर्बीण साहेबांसकट ओढली. कडेच्या जोडीला लागून तिसरा बसला होता. वाऱ्यानं त्याचा तुरा उभा राहिला. मातीचा तुरा वाऱ्यानं हलत नाही, मी स्वतः रंगवला होता. मी दुर्बीण सरकवली. पुढच्या जोडीशेजारी एक. तिच्यामागं दोन, शेजारच्याशी भांडत. पलीकडच्या उतारावर तर आमची मंडळी गर्दीत दिसेनाशीच झाली होती. आम्ही किनाऱ्यावर अडकलो होतो त्या दिवसांत पंगत भरली होती, आणि मी भर होडीत उभा राहून साहेबांना छातीठोकपणे सांगत होतो की सगळे मातीचे!

"साहेब, मी चुकलो," मी इतक्या आनंदानं ओरडलो की तांडेलाला वाटलं कुणी पाण्यात पडलं. "खरे आहेत! खरे आहेत!"

साहेबांना मात्र आता माझा भरवसा राहिला नव्हता. "मघाशी मातीची म्हणाली, आता खरी म्हणते. आणि नुसती बसली म्हणजे काय? कावळा पण बसते. अंडी पाहिजे. चला, वर चढून बघू."

"नाही."

"काय नाही?"

मी होडीत उभा राहून दोन्ही हात पसरले. नाटकात ही पोज फार खुलते. होडीत मी सरळ आप्पांच्या मांडीवर पडलो. तिथूनच बोललो, "साहेब, तुम्ही वर गेलात तर सगळे एकदम उठतील. वर घारी फिरताहेत, पाहा. अंडी बघायला जाल आणि घारींना वाढून याल. दोन वर्षांनी बसलेली पंगत आहे. मी तुम्हाला चढू देणार नाही."

"मग मी परवानगी कशावर थांबवू? तुमच्या शब्दावर?"

"इथंच थांबू. पुरावा ते स्वतः देतील."

"आणि नाही दिला तर?"

"तर खडक खताचा," मी म्हणालो. आप्पांनी माझा दंड दाबला. माझ्या हातातलं सगळं मी त्या एका वाक्यात टाकलं होतं, पण वर चढून एक अंडं दाखवायचं आणि बाकीची घालवायची, हा सौदा मला मान्य नव्हता.

होडी लाटांवर वर-खाली होत राहिली. साहेब काठावरून दोनदा समुद्राला सगळं देऊन आले. तांडेल विडी ओढत होता. ऊन चढलं. साहेबांनी काढून ठेवलेल्या दुर्बिणीतून माझी नजर त्या तिसऱ्या पक्ष्यावर होती. तो हलत नव्हता. पोट दगडाला लावून, मान जराशी आत घेऊन, वाऱ्याकडं तोंड करून तो नुसता बसला होता.

मग समुद्रावरून एक टोपीवाला आला. चोचीत मासा आडवा. मातीच्या जोड्यांवरून तो गेला, एकाही जोडीकडं पाहिलं नाही, आणि सरळ त्या तिसऱ्यापाशी उतरला. मासा दिला. तिनं बसल्या जागी गिळला. उठली नाही. तो तिच्याकडं बघत थोडा वेळ उभा राहिला आणि पुन्हा समुद्राकडं निघून गेला.

मी दुर्बीण साहेबांच्या हातात दिली. थोड्या अंतरावर दुसरा आला, मग आणखी एक. प्रत्येक जण मासा घेऊन, प्रत्येक जण बसलेल्या एकीपाशी. साहेबांनी दुर्बीण बराच वेळ खाली घेतली नाही.

"ती उठत का नाही?" शेवटी त्यांनी हळू विचारलं.

"उठली तर अंडं उघडं पडतं."

"आणि हा जेवण आणून देते."

"देतो."

"माझी बायको बाळंतीण होती तेव्हा मी पण," साहेब म्हणाले, आणि पुढचं वाक्य कानडीत स्वतःशीच बोलले. मला ते कळलं, पण इथं लिहीत नाही. मग हॅट सरळ करून सरकारी आवाजात म्हणाले, "तांडेल, ऐक. कोळीवाड्यात सगळ्यांना सांग. पाऊस संपेपर्यंत या खडकावर माणूस चढायची नाही. खत नाही, अंडी नाही, काही नाही. लेखी हुकूम उद्या मिळेल. आता मला जमिनीवर ने."

"जय हो!" आप्पा ओरडले. मी साहेबांचे दोन्ही हात धरून हलवले, होडी उलटायचीच बाकी होती. आभार मानून झाल्यावर मी सहज म्हणालो, "मी मात्र आठवड्यातून एकदा, अगदी पायात चपला न घालता, वर जाऊन अंडी मोजून येईन."

"प्रोफेसर, मी कानडीत सांगू?" साहेब म्हणाले. "माणूस चढायची नाही. तुम्ही काय पक्षी आहे?"

"अहो, पण हे संशोधन माझं आहे!"

"म्हणून तर पहिली बंदी तुमच्यावर. मघाशी मला चढू दिलं नाही ना? आता तुमच्या त्या हातपसऱ्या भाषणाप्रमाणं मी वागते."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मास्तर, वाढप्यालाच पंगतीतनं उठिवलं की वो!"

त्यापुढची सगळी सुटी मी माझ्या खडकापासून हाकेच्या अंतरावर, हलत्या होडीत, मान वर करून काढली. कॉलेज उघडायच्या वेळेला मला बेळगावला परतावं लागलं. निघायच्या आदल्या दिवशी शेवटची फेरी मारली, तर मासे घेऊन येणाऱ्यांची एवढी वर्दळ की आमच्या डोक्यावरून ओळच्या ओळ जात होती. वर पिल्लं निघाली होती की नाही, किती अंडी होती, कुणाची जोडी कुणाशी होती, मला काहीएक माहीत नाही. त्या वर्षी जगात त्या खडकाबद्दल सगळ्यांत कमी माहिती असलेला शास्त्रज्ञ मी होतो, आणि घाट चढून घरी पोचेपर्यंत मी गाडीतल्या प्रत्येकाला ते अभिमानानं सांगितलं.